गडी : शून्य

फहाहील. खोली नंबर चौदा, वरचा बंक.
एसीखाली ठेवलेली रंगाची रिकामी बादली
अडीच तासांत भरते. आज पाळी माझी,
म्हणून जागा आहे, फोनवर तो प्रोग्राम उघडून.
त्याला मालक नाही म्हणे, ऑफिस नाही,
सगळ्यांची कागदं कोंडणारं कपाट नाही.
नुसते गडी. गड्याला गडी लागलेला.
गुरुवारी उतरवून घेतला,
आणि चार रात्री एवढंच सांगतोय :
शोधतो आहे. गडी : शून्य.

शोधतो म्हणजे कुठे?
मी दिवसभर छतांतून केबल ओढतो,
दुसरं टोक कुठल्या भिंतीतून निघणार
ते नकाशात असतं, नकाशा फोरमनच्या खिशात.
इथे टोकंच टोकं.
हजार दारं उघडी असतील,
पण एक तरी माहीत असावं लागतं.

पाचव्या रात्री ताजुद्दीन बुरोंडकर हसला.
खालच्या बकाल्यात हिशेब लिहायचा तो, दाभोळचा.
"विमानतळावर उतरलास तेव्हा
आख्खं कुवेत ओळखत होतास काय?"
नव्हतो. डाव्या मनगटावर बॉलपेननं एक नंबर,
घामानं फुटलेला शेवटचा आकडा,
एक की सात?
एकवर कुणी बाई अरबीत रागावली.
सातवर आवाज आला, "टॅक्सी करू नको. थांब तिथंच."

त्यानं खुबूसच्या पावतीमागे पत्ता लिहिला,
चाळीस अक्षरी, वाचता न येणारा.
"हा माझ्या डब्याचा. फ्रीजमागे रात्रंदिवस चालू असतो.
त्याला गाठ आणि एकच विचार :
तुला आणखी कोण ठाऊक?
जो जो सांगेल, त्याला पुन्हा तेच."

गडी : एक.
बादली ओतून येईपर्यंत नऊ.
त्यात एक 'सोहारचा वेल्डर',
एक 'झोपलेला नाही',
आणि एक नुसतंच टिंब.

टिंब काही केल्या जुळेना.
तोही माझ्यासारखाच, साठ जणांत एक लाइन :
आतून बाहेर बोलता येतं,
बाहेरच्याला आत हाक मारता येत नाही.
मग ताजुद्दीनचा डबा मध्ये उभा राहिला,
दोघांना एकच क्षण सांगितला,
आणि त्या क्षणी आम्ही दोघांनी आतून ढकललं.
दार कुणाच्या बाजूनं उघडलं,
मला अजून उमजलेलं नाही.

पुढचे महिने काय काय आलं त्या वाटेनं!
वेल्डिंगच्या परीक्षेचे जुने पेपर,
कुणाच्या मुलीचं गॅदरिंग, अर्ध्यात तुटलेलं,
उरलेलं अर्धं तिसऱ्याकडून, तुकड्या-तुकड्यानं.
टिंबानं एकदा नुसता पावसाचा आवाज पाठवला.
कुठला पाऊस, विचारलं नाही.

मार्चमध्ये ताजुद्दीनचा अकामा संपला.
बकाला विकला, फ्रीज गेला, त्यामागचा डबा गेला.
त्या रात्री मी आकड्याकडे बघत बसलो.
वाटलं, पत्त्यांचा बंगला आहे, आता ढासळेल.
सत्तेचाळीसचे सेहेचाळीस झाले.
बस.
खोटं कशाला सांगू, मला राग आला.
ज्याच्या हातून सगळे भेटले
त्याच्या जाण्यानं जाळ्याला साधा हेलकावाही बसू नये?
ताजुद्दीनला फोनवर म्हटलं तसं.
"मग बरोबर चाललंय," म्हणाला,
आणि आंब्याच्या पेट्यांचा भाव सांगत बसला.

माझा फोन अजून दर तासाला
त्याचा पत्ता ठोठावतो. मी खोडत नाही.

काल तळमजल्यावर नवा पोरगा आलाय, वैजनाथ, जिंतूरचा.
गॅलरीत फोन उंच धरून उभा होता,
उंच धरल्यानं काही होतं असं वाटून.
गडी : शून्य.
मी पावती शोधली, पाठीवर माझाच पत्ता उतरवला,
आणि दोनदा सांगितलं त्याला :
अकरावा आकडा सात आहे, एक नव्हे.
पोटात आडवी रेघ मारलीय बघ.